वाघासाठी नाही, झाडांसाठी जंगल : मार्चमध्ये नागपूरजवळ कुठे जावं?

मनीषनगरची_सून
होळीनंतरच्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून येताहेत. आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सह्याद्रीतली झाडं तिला तोंडपाठ आहेत, पण आपल्याकडचं पानझडी जंगल तिने कधी नीट पाहिलेलं नाही आणि या खेपेला तेच बघायचंय. वाघ दिसला तर आनंदच, पण त्याच्यामागे जिप्सी पळवायची नाही, असं आत्तापासूनच बजावून ठेवलंय. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट वाटेवर अर्धा तास चालतात, उंच गाडीत चढणं जड जातं. हातात तीन दिवस आहेत. एक सकाळ शहरात आणि एक मुक्काम बाहेर, असं डोक्यात आहे.
ऑफिसात सगळे ताडोबा-ताडोबा करताहेत. सासूबाई म्हणतात, मार्चात काय ठेवलंय जंगलात, सगळा पाचोळा! खरंच का?

उमरेड_रोडवाला
ताडोबाच करा ताई. पुण्याहून येऊन वाघ नाही पाहिला तं लोकं हसतील ना! झाडं काय, तुमच्या कॉलनीतबी आहेत.

ऐन_बिजा_धावडा
भाऊ, कॉलनीतला गुलमोहर आणि जंगलातला कुसुम यात फरक आहे.

सासूबाईंचं अर्धं खरं आहे. हिरवंगार जंगल हवं असेल तर ऑक्टोबरमध्ये यायला हवं होतं. मार्चमध्ये साग जवळजवळ उघडा पडलेला असतो आणि खाली त्याच्या मोठ्या पानांचा असा थर की सातभाईंचा थवा चाळायला लागला तरी अस्वल आल्यागत आवाज होतो. पण झाडं शिकायची तर माझ्या मते हाच महिना. पानं नसली की खोड बघावंच लागतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींत तडकलेली. तेंदूचीही तडकलेली, पण काळीकुट्ट. धावडा गुळगुळीत, राखाडी-पांढुरका. लेंडियाच्या सालीचे पातळ पापुद्रे सुटतात. आणि खडकाळ उतारावर एकटाच पांढराफटक उभा दिसला तो कुलू, म्हणजे तुमच्याकडचा कांडोळ. त्याचा डिंक काढतात. चांदण्यात पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो.

शिवाय सगळंच वाळलेलं नसतं. पळस आणि काटेसावर फुललेली असतात, तीही पानांशिवाय, त्यामुळे पाखरांना लांबून दिसतात. फुललेल्या सावरीखाली वीस मिनिटं थांबलात तर मैना, कोतवाल, शिंजीर, हळद्या सगळे हजेरी लावतात. आईंना कुसुम मात्र नक्की दाखवा. त्याची कोवळी पालवी लालभडक असते आणि नवखा माणूस त्यालाच फुलं समजतो. मोह महिन्याच्या शेवटाकडे सुरू होतो. पहाटे फुलं गळतात, आणि ती खायला चितळ, अस्वल आणि गावातली माणसं, सगळेच येतात.

ठिकाण म्हणाल तर पेंच व्याघ्रप्रकल्प, सिल्लारी गेट. नागपूरपासून साधारण ७० किलोमीटर, जबलपूर रोडने मनसर मागे टाकून पुढे. वनविभागाचं 'अमलतास' पर्यटक संकुल तिथेच आहे. मुक्काम तिथे केलात तर खरी मजा फाटकाबाहेरच मिळेल. संकुलाच्या आवारात आणि गावाकडच्या रस्त्यावर बाबांना बरोबर घेऊन सावकाश हिंडता येईल. गाभा क्षेत्रात, म्हणजे फाटकाच्या आतल्या राखीव जंगलात, गाडीतून खाली उतरू देत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर आई झाडाला हात लावायला उतरतील आणि गाइड ओरडेल.

मनीषनगरची_सून
अगदी तेच होईल! पण मग सफारीत झाडं कशी बघायची? आणि जिप्सीत चढायचं काय?

ऐन_बिजा_धावडा
गाइड शेजारच्या गावातलेच असतात. निघण्यापूर्वीच सांगायचं, 'आम्हाला वाघामागे जायचं नाही, झाडं दाखवा, मधूनमधून इंजिन बंद करा.' सुरुवातीला त्यांचा विश्वास बसत नाही. बसला की मग असा माणूस खुलतो की आवरत नाही. कोणत्या झाडाची साल कशावर उगाळून लावतात, कोणतं लाकूड वखराला चांगलं, कोणतं जळताना चटचट उडतं, हे घरात ऐकत तो वाढलेला असतो. आईंना वही घेऊन बसवा.
इंजिन बंद केल्याचा आणखी एक फायदा. वानरं वर बसून पालवी-फुलं तोडतात, निम्मी खाली टाकतात, आणि ती वेचायला चितळ खाली जमतात. वरून वानर खोकलं की खालची चितळं शेपट्या उभारून एका दिशेला बघायला लागतात. मग तुम्ही न मागताच वाघ-बिबट्याची बातमी मिळते.
बाबांसाठी चालकाशेजारची सीट मागून घ्या. चढायला घरातलं छोटं प्लास्टिकचं स्टूल न्या. हसू नका, फार कामाला येतं.

धंतोलीची_काकू
अगं, शहरातली सकाळ मी सांगते. पहिल्या दिवशी सेमिनरी हिल्स, शहरातलीच झाडीची टेकडी. प्रवास करून आलेल्या माणसाला तेवढंच पुरे. सहाला पोचा, आठनंतर नुसती फिरायला येणाऱ्यांची बडबड. टकाचोर, तांबट, राखी धनेश दिसतात. हरियल उंबर-वडावर शोध, आपला राज्यपक्षी आहे, पण हिरव्या पानात असा काही मिसळतो की हलल्याशिवाय सापडत नाही.
गोरेवाड्याला जाणार असशील तर एक घोळ आधीच निस्तर. तिथलं प्राणिसंग्रहालय वेगळं, जे २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. तिथली सफारी कुंपणातली. तलावाकाठचं राखीव जंगल वेगळं. तुझ्या आईला दुसरं हवंय. ऑटोवाला पहिल्याकडे नेऊन सोडेल. मार्चमध्ये तलावावर हिवाळी पाहुणे थोडे उरलेले असतात.
अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात सायकली मिळतात आणि वाटा सपाट आहेत, म्हणून तुझ्या बाबांना बरं पडेल. पण ते बरंचसं गवत आणि झुडपी रान आहे. जंगल बघायला आलेल्या बाईला तिथे नेऊन 'हेच ते' म्हणू नकोस.

वैनगंगाकाठी
पेंचला नाही म्हणत नाही, पण कऱ्हांडला का कोणी सुचवत नाही? उमरेड-पवनी-कऱ्हांडला, २०१२ चं अभयारण्य. शहरापासून तासा-दीड तासावर. पेंचमध्ये बराच भाग सागाचा आहे. इथे मिश्र जंगल आणि बांबू भरपूर. आणि हा तुकडा एकटा नाही, नागझिऱ्याकडून इकडे वाघ चालत येतात. जय नावाचा गाजलेला वाघ तसाच आला होता, २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. मधली शेतं, रस्ते, कालवे ओलांडून जनावर कसं येत असेल, हे तिथे गेल्यावर कळतं.

ऐन_बिजा_धावडा
कऱ्हांडला चांगलंच आहे, वाद नाही. पण गुडघ्याचा पेशंट आणि मुक्काम म्हटलं की मी सिल्लारीच सांगेन. वाघांच्या येण्याजाण्याचं म्हणाल तर पेंचच्या बाजूलाही बघण्यासारखं आहे. खवाश्याकडे जाताना महामार्गच उचलून घेतलाय आणि जनावरं खालून जातात. सगळ्यात लांब असा भाग ७५० मीटरचा आहे. वरून गाडीतून जाताना काहीच कळत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवावं लागतं.
आणि रात्र फुकट घालवू नका. जानेवारी २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे तारे नीट दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा. होळी म्हणजे पौर्णिमा, म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी जाऊ नका. पाच-सहा दिवस जाऊ द्या, चंद्र उशिरा उगवतो आणि सुरुवातीची रात्र काळी मिळते.

उमरेड_रोडवाला
बरं बाप्पा, ताडोबा राहू द्या. पण आमच्याकडचं ऊन त्यांना सांगून ठेवा. मार्चच्या दुपारी ३८ पर्यंत जाते पारा. अन् पहाटेच्या जिप्सीत थंडी वाजते, दोन्हीचं सामान घ्या. रस्त्याच्या कडेला वाळलेल्या, केसाळ शेंगा दिसल्या तं हात लावू देऊ नका, खाजकुहिली हाय ते. बॉटनीवाल्या बाईंना सगळं हातात घेऊन पाहायची सवय असते. आंग खाजवून खाजवून रडवते.

धंतोलीची_काकू
हो, आणि अत्तर, सेंट काही नको. उंच झाडांवर आग्या मोहोळं असतात.

मनीषनगरची_सून
आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणते, खाजकुहिली मला कोणी शिकवू नये! पण कुलू बघायचाच आहे तिला. ठरलं असं : पहिली सकाळ सेमिनरी हिल्स, मग एक मुक्काम सिल्लारी, होळीनंतर सहाव्या दिवशी. कऱ्हांडला पुढच्या खेपेला, ऑक्टोबरात, तेव्हा सासूबाईंनाही नेईन.
एक शेवटचं. मागे गेलो होतो तेव्हा रस्त्याकडेला जमिनीचे काळे पट्टे जळलेले दिसले होते. वणवा लागला होता का?

ऐन_बिजा_धावडा
ओळीत सरळ पट्टे असतील तर ती जाळरेषा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जूनपर्यंत धरतात. त्याआधी वनविभागच पट्टे साफ करून जाळून ठेवतो, म्हणजे आग आलीच तर तिथे अडते. वेडेवाकडे, झाडाच्या बुंध्याभोवती जळलेलं दिसलं तर बऱ्याचदा मोहामुळे. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून खालचा पाचोळा पेटवतात आणि वाऱ्यानं तो हाताबाहेर जातो. आईंनी विचारलं तर गाइडलाच बोलतं करा, गावाची बाजूही ऐकायला मिळेल.
बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावरून आत्ताच करा, शनिवार-रविवार टाळा आणि त्या गेटची साप्ताहिक सुट्टी तपासा. तिघांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवर गेटवर वाद घालत बसू नका, सकाळचा पहिला अर्धा तास त्यातच जातो.