एलिट विमेन सायक्लोक्रॉस (चिखल-अडथळ्यांच्या कोर्सवर लॅप मारायची सायकल रेस), शनिवार-रविवार लागोपाठ रेस, सुरुवात शेवटच्या रांगेतून. कसं करायचं?

मागची_रांग:
मंडळी, मदत हवीये. या सीझनला पहिल्यांदाच एलिट विमेनमध्ये नाव टाकलंय, शनिवारी सी-टू आणि रविवारी तिच्या वरच्या दर्जाची सी-वन. आतापर्यंत अमॅच्युअर गटात खेळलेय, तिथल्या रेस छोट्या असतात, पण ५० मिनिटांचा दम आहे असं वाटतंय. यूसीआयचा (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) एकही पॉइंट नाही त्यामुळे ग्रिडवर सगळ्यात शेवटी चिठ्ठीत निघेल ती जागा. खरं टेन्शन ८० टक्क्यांच्या नियमाचं आहे, लीडरच्या फार मागे पडलं की रेसमधून काढतात तो, एवढी तयारी करून दोन-तीन लॅपमध्येच बाहेर काढलं तर फार लागेल मनाला. सायकल एकच आहे, चाकांचा जादा सेट आहे. आणि शनिवारी जीव तोडून पळायचं की रविवारसाठी शिल्लक ठेवायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

चिखलवाली:
आधी ८० टक्के म्हणजे काय ते डोक्यात पक्कं कर, अर्धी भीती तिथेच जाते. समज लीडरचा पहिला लॅप ७ मिनिटांचा झाला, म्हणजे ४२० सेकंद, त्याचे ८० टक्के ३३६. तू तिच्या ५ मिनिटं ३६ सेकंद मागे पडलीस की फिनिशच्या सरळ रस्त्याआधी जो झोन असतो तिथून तुला काढतात. आता ७ मिनिटांच्या लॅपने ५० मिनिटांत ७ लॅप होतात आणि शेवटच्या लॅपला कोणाला काढत नाहीत, म्हणजे सहावा लॅप संपताना ५:३६ च्या आत असलीस की झाली रेस पूर्ण. लॅपमागे ५५ सेकंद गेले तरी तू आत आहेस!! आणि काढलं तरी रिझल्टमध्ये नाव येतं, इतके लॅप मागे असं लिहून.

आता ते सेकंद जातात कुठे तर पहिल्या लॅपला, नुसतं उभं राहून. पुढच्या रांगा पहिल्या वळणाला ब्रेक मारतात आणि मागे सगळं तुंबतं. आतली बाजू जवळची दिसते पण तिथेच सगळ्या अडकतात, बाहेरून थोडं लांब पडलं तरी चाक फिरत राहतं. चढावर पुढची पाय टेकवते आहे असं दिसलं की तू तिची वाट बघू नकोस, लगेच उतर, सायकल खांद्यावर आणि पळ. पहिल्या लॅपला पळणारी पेडल मारणारीच्या पुढे जाते, हे मी मागच्या रांगांमधून कितीतरी वेळा बघितलंय.

दुसरं म्हणजे कोर्सवर आडव्या लावलेल्या फळ्या, सायकलवरून उतरून ओलांडायच्या. नियमाने ४० सेंटीमीटरपर्यंत उंच, दोन, मध्ये साधारण ४ मीटर. उतरताना बहुतेकींना जमतं, वेळ जातो परत चढताना. ती जी चढायच्या आधी दोन छोटी पावलं आपोआप पडतात ना, ती घालवायची. उडी वर मारायची नाही, पुढे मारायची, आणि सीटवर धप्पकन बसायचं नाही, उजव्या मांडीची आतली बाजू आधी टेकवून मग सरकत बसायचं. रेसच्या आदल्या आठवड्यात रोज थोडा वेळ फक्त हेच कर, हळू कर, पण एकही जादा पाऊल नको.

सरळ_सांगतो:
राग मानू नका ताई, पण अजून एक सीझन अमॅच्युअरमध्ये काढा असं मी म्हणेन. तिथे पहिल्या दहात रोज झुंजायला मिळतं, इथे पहिल्या वळणानंतर एकट्याच पळाल. त्यातून काय शिकणार?

चिखलवाली:
@सरळ_सांगतो झुंज मिळते हे बरोबर आहे तुमचं, पण मागे एकटं पळावं लागतं हे खरं नाही, शेवटच्या पंधरा जणींमध्ये जी मारामारी चालते ती कॅमेऱ्यात येत नाही इतकंच. शिवाय एलिट आणि २३ च्या आतल्या मुली बहुतेक ठिकाणी एकत्रच धावतात, त्यामुळे सगळ्या तऱ्हेच्या सोबतिणी भेटतात. आणि मला हे मनापासून वाटतं की हे फिल्ड, म्हणजे स्टार्टला उभ्या राहणाऱ्या सगळ्या जणी, भरलेलंच असायला हवं. पुरुषांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५० पासून, बायकांची पहिली २००० ला, हान्का कुप्फरनागेल जिंकली. २३ च्या आतल्या मुलींना वेगळी जर्सी २०१६ ला आणि ज्युनिअर मुलींना तर थेट २०२० ला. एवढं सगळं उशिरा मिळालंय, मग आता जागा आहे तर उभं राहायचं.

पिटवाला:
सायकलचं मी सांगतो, पिटमध्येच (कोर्सवरची सायकल-चाकं बदलायची जागा) असतो मी कायम.

एकच सायकल असेल तर चाकं पिटमध्ये ठेव आणि चाक बदलता येणारा माणूस तिथे उभा कर. मधेच पंक्चर झालं तर मागे फिरायचं नाही, पुढच्या पिटपर्यंत पळायचं. म्हणून कोर्स बघताना पिट नेमकं कुठे येतं आणि सगळ्यात लांबचा टप्पा कुठला ते बघून ठेव. आणि पिटच्या लेनमध्ये उगाच शिरू नकोस, बदल करायचा असेल तरच.

टायर ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही, स्टार्टला गेज लावून बघतात आणि काही टायर रुंद रिमवर फुगून ३४ भरतात, घरीच मोजून जा. हवा ५५-६० किलो वजनाला ट्यूबलेसमध्ये पुढे १८ आणि मागे १९-२० पीएसआयपासून सुरू कर, चिखल असेल तर अजून एखाद-दोन कमी. लॅपला एकदा रिम हलकीशी टेकली तर बरोबर आहे, मुळांवर ठणठण वाजायला लागली तर भर. डिजिटल गेज आण, पंपावरच्या काट्यावर एक पीएसआयचा फरक कळत नाही आणि इथे एक पीएसआयने वळणावरची पकड बदलते.

मागची_रांग:
@चिखलवाली ते ५५ सेकंदांचं गणित वाचून एकदम हलकं वाटलं, असा हिशोब कधी केलाच नव्हता. @सरळ_सांगतो राग नाही आला, पण मी उभी राहणारच. शनिवार-रविवारचं राहिलं बघा.

चिखलवाली:
शनिवारी पूर्ण ताकदीने पळ. राखून ठेवलेलं रविवारी मिळत नाही, मिळतं ते शनिवारी संध्याकाळी कमावलेलं. फिनिशनंतर दहा मिनिटांत ओले कपडे बदल, गप्पा मग मार, थंडीत कुडकुडण्यातच निम्मी शक्ती जाते. अर्ध्या तासात पोटात काहीतरी जाऊ दे, भूक नसली तरी. मग वीस मिनिटं हलकं पेडलिंग आणि पाय वर करून पडून राहा. रविवारी कोर्स बऱ्याचदा बदललेला किंवा उलटा असतो, त्यामुळे सकाळचा सराव चुकवू नकोस, आणि तुझ्या आधीची रेस दोरीपाशी उभी राहून बघ, सकाळची चांगली लाइन दुपारपर्यंत खड्डा झालेली असते.

पिटवाला:
आणि शनिवारी रात्री ब्रेक पॅड काढून बघ, वाळूमिश्रित चिखल असेल तर नवे पॅड एका रेसमध्ये संपलेले बघितलेत मी. जादा जोडी बॅगेत हवीच. कोर्स कसा आहे कळलं की इथे टाक, टायर कुठले लावायचे ते ठरवू.