सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये फजर (पहाटेची नमाज) कशी पढता?

विजापूर_वेसवाला: सलाम भाई लोक, कामासाठी सारखं मुंबईला जावं लागतंय, रात्री सोलापुरातून बसलं की फजरची वेळ गाडीतच होते, स्लीपरमध्ये जागा नाही, किबला (नमाजची दिशा) कळत नाही, वजूचं (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याचं) पण टेन्शन. आणि कसर (सफरातली कमी केलेली नमाज) कुठून धरायची?

चादर_कारखाना: वालेकुम सलाम. गाडीत नळाला पाणी असतंय, मग तयम्मुम (पाण्याऐवजी मातीनं वजू) चालत नाही, एक बाटली जवळ ठेवा. किबला आपल्याकडून पश्चिमेला, मोबाईलवर कंपास बघा. दरवाज्याजवळ मुसल्ला (नमाजची चटई) टाकून लोकांची वाट अडवू नका ओ, ते बघून मलाच कसंतरी होतं. उभं राहणं खरंच जमत नसेल तरच बसून पढा.

नई_जिंदगी_सोलापूर: हनफी (सुन्नी मुसलमानांतला एक पंथ) हिशोबानं साधारण ७८ किमीच्या पुढचा सफर आणि मुक्काम १५ दिवसांपेक्षा कमी असला तर कसर, शहराची हद्द सोडली की सुरू. म्हणजे अक्कलकोटला जाऊन आलात तर नाही हां. जोहर (दुपार), असर (दुपारनंतर), इशाचे (रात्र) ४ फर्ज (सक्तीच्या रकात, म्हणजे नमाजचे फेरे) २ होतात, फजर-मगरिब (संध्याकाळ) आहे तेवढीच. मुंबईत तिथल्याच इमामामागं उभं राहिलात तर पूर्ण ४.

विजापूर_वेसवाला: शुक्रिया, इमामाचं माहीतच नव्हतं की.