भाषांतरित स्मृतिचाचणीतले गुण कितपत ग्राह्य धरावेत?

प्रश्न (इंदूर)

माझी आई 76 वर्षांची असून तिचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झाले आहे. नुकतीच इथल्या एका दवाखान्यात तिची 30 गुणांची स्मृतिचाचणी झाली. कागद इंग्रजी होता आणि प्रश्न ऐनवेळी हिंदीत करून विचारले जात होते. आजची तारीख विचारल्यावर तिने ‘आषाढ शुद्ध दशमी’ असे सांगितले. तिथी बरोबर होती, तरी गुण मिळाला नाही. पुढे ‘दुनिया’ हा शब्द उलटा सांगायला लावला, तेव्हा ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. एकूण 20 गुण आले. इंग्रजी आणि स्पॅनिश या भाषांमध्ये अशा चाचण्यांची ने-आण कित्येक वर्षे चालू आहे. दोन्हीकडचे गुण सारखे धरण्याआधी तिथे काय तपासतात, हे कृपया कोणी सांगेल का?

उत्तर 1 (वडोदरा, चाचण्या घेण्याचे काम करते)

शब्द बदलला तरी काठिण्य तेच राहिले आहे का, हे आधी पाहावे लागते. 1975 सालच्या फोल्स्टाइन यांच्या मूळ इंग्रजी, 30 गुणांच्या स्मृतिचाचणीत ‘वर्ल्ड’ (म्हणजे जग) हा शब्द शेवटच्या अक्षरापासून सांगायचा असतो आणि पाच अक्षरांना पाच गुण असतात. स्पॅनिश ‘मुंदो’ रोमन लिपीत पाच अक्षरांचाच आहे, पण स्पॅनिशमध्ये उच्चाराप्रमाणे लिहितात, त्यामुळे काम तेवढेच अवघड राहत नाही. मराठीत तर ‘जग’ उलटा केला की ‘गज’ होतो आणि परीक्षा तिथेच संपते. ‘दुनिया’ची तीन अक्षरे काना-मात्रांसह उलटताना पाच गुण कसे द्यायचे, हे तपासनिसालाही सांगता येणार नाही.

ऐकलेले आकडे लक्षात ठेवून पुन्हा म्हणून दाखवायच्या प्रश्नांचेही तसेच आहे. एक ते नऊ या आकड्यांपैकी इंग्रजीत केवळ ‘सेव्हन’ दोन उच्चारखंडांचा आहे, तर स्पॅनिशमध्ये ‘उनो’, ‘क्वात्रो’, ‘सिंको’, ‘सिएते’, ‘ओचो’ आणि ‘न्वेवे’ असे सहा आहेत. उच्चाराला वेळ जास्त लागला की मनात धरून ठेवता येणारे आकडे कमी होतात. त्यात बुद्धीचा दोष नसतो. स्पेनमध्ये 1979 साली लोबो यांनी फोल्स्टाइन यांची हीच चाचणी रूपांतरित केली, तेव्हा पुन्हा म्हणून दाखवायचे इंग्रजी वाक्य सोडून ‘गव्हाच्या शेतात पाच कुत्रे होते’ या अर्थाचे वाक्य घेतले आणि एकूण गुण 35 केले. मला हे धाडस फार मोलाचे वाटते.

उत्तर 2 (ग्वाल्हेर, निवृत्त शिक्षक)

कॅलिफोर्नियात स्पॅनिशभाषी मुलांना इंग्रजी चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात घातले जात असे. नऊ मुलांच्या वतीने दावा झाला आणि 1970 साली, मुलाची चाचणी त्याच्या मातृभाषेतही घेतली जावी, असे ठरले. आपल्याकडे कामतांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, ती त्याही कितीतरी आधी.

उत्तर 1 पुन्हा

दुसरी बाजूही सांगते. पोर्तो रिकोमध्ये 1968 साली निघालेल्या वेक्सलर चाचणीच्या स्पॅनिश आवृत्तीत बुद्ध्यंक वाजवीपेक्षा बरेच जास्त येत असत, आणि अशा आकड्यांमुळे खरी अडचण असलेला रुग्णही ठीक ठरू शकतो. म्हणून ज्या लोकांवरून सरासरी काढली, त्यांचे शिक्षण, वय आणि राहणी आपल्या माणसाशी जुळते का, हे भाषेइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्या आईंचे 20 गुण मी ना आजाराचा पुरावा मानीन, ना निर्दोषतेचा. मराठी बोलणाऱ्या व्यक्तीकडून तयार मराठी आवृत्तीवर चाचणी पुन्हा करून घ्यावी, आणि तिथी सांगितली तर ती कागदावर तशीच लिहायला सांगावी.

प्रश्नकर्ती

मनापासून आभारी आहे. मराठी आवृत्तीची चौकशी केली आहे. सोबत आईच्या रोजच्या व्यवहाराची टिपणेही नेणार आहे: दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब ती अजून तोंडी करते, आणि गेल्या आठवड्यात दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरली, हेही त्यात लिहिले आहे.