विद्यापीठाजवळ लाकडी फ्लोअरिंगचा फ्लॅट भाड्याने घ्यावा का? मदत हवी आहे

जुलैपासून शिवाजी विद्यापीठात पीएच.डी.साठी येतोय, सोबत बायको आणि आई. राजारामपुरी, सागरमाळ, राजेंद्रनगर पालथं घातलं. बऱ्याच ठिकाणी पाटी एकच, 'फक्त शाकाहारी फॅमिली'. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा घरात करायचा नाही, हे काही पचलं नाही. शेवटी सायबर चौकातून चालत जाता येईल असा एक फ्लॅट सगळ्यांना आवडला. दुसरा मजला, हवा भरपूर, भाडं १४ हजार, डिपॉझिट ६० हजार.

अडचण एकच. हॉल आणि बेडरूमला लाकडी फ्लोअरिंग आहे. घरमालक काकांनी ते लेकीसाठी हौसेनं केलेलं, ती आता पुण्यात. कराराच्या मसुद्यात एक ओळ आहे: "फ्लोअरिंगचे कोणतेही नुकसान झाल्यास संपूर्ण खर्च भाडेकरूकडून वसूल केला जाईल." आणि बाल्कनीच्या दारापाशी पट्ट्यांच्या कडा आत्ताच उचललेल्या दिसतात. काका म्हणतात, "उन्हाळ्यात बसतंय ते आपोआप." चालताना पोकळ आवाजही येतो.

आईला रोज पाण्यानं फरशी पुसल्याशिवाय चैन पडत नाही. ओलं फडकं चालणार नाही म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मग देवापुढं रांगोळी कुठं काढायची?" आम्ही आजवर शहाबादी नाहीतर टाइल्सवरच राहिलो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे टिकतं का, आणि ती ओळ कशी बदलून घ्यावी?

प्रतिसाद १
आधी ते खरं लाकूड आहे का बघा. पट्ट्यांवरच्या गाठी नीट न्याहाळा. तीच गाठ तशीच्या तशी दुसऱ्या पट्टीवर दिसली तर ते छापील लॅमिनेट. त्याच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुसा असतो, सांध्यातून पाणी गेलं की फुगतो. फुगलेली कड परत बसत नाही आणि वरचा थर पातळ असल्यानं घासून पॉलिशही मारता येत नाही, पट्टीच बदलावी लागते. सागवानाची पट्टी ओलाव्यानं वाकली तर वाळल्यावर बरीचशी सरळ होऊ शकते, म्हणजे काकांचं म्हणणं तिथं खरं ठरेल. पोकळ आवाजाचं टेन्शन घेऊ नका, लॅमिनेट फोमवर नुसतं अंथरलेलं असतं. पण भिंतीकडेला आठ-दहा मिलिमीटर फट सोडलेली हवी, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकलेली असते. नसेल तर दमट हवेत पट्ट्या पसरून मधेच उचलतात. त्यात भाडेकरूचा काय दोष?

प्रतिसाद २
करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे काकांना गोडीत सांगा, तेच घाई करतील. ओळ अशी करून घ्या: "नैसर्गिक झीज, हवेतील ओलावा व बाहेरून होणारी गळती वगळून, भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे खराब झालेल्या पट्ट्यांपुरताच खर्च." उचललेल्या कडांचे फोटो करारासोबत परिशिष्ट म्हणून जोडा, दोघांच्या सह्यांसकट.

प्रतिसाद ३
आषाढात आमच्याकडं कपडे वाळत न्हाईत, तिथं लाकडाचं काय घेऊन बसलाय! पण सांभाळलं तर राहतंय. घट्ट पिळलेलं फडकं फिरवायचं, लगेच पंखा लावायचा. बाल्कनीच्या दाराला पावसाचा झोत लागतोय का बघा, ते आधी बंद करून घ्या. स्कर्टिंगला मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर वाळवी, मग घरच सोडा. आणि काकूंना सांगा, रांगोळी पाटावर काढायची, झाडायलाबी सोपी.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. परत जाऊन बघितलं, गाठी हुबेहूब सारख्या, म्हणजे लॅमिनेटच. वाळवी नाही. काका फोटो जोडायला तयार झाले, बाल्कनीच्या दारावर पत्रा मारून देतो म्हणाले. पण 'हवेतील ओलावा' हे शब्द घालायला नाही म्हणतात, "मग पावसाळ्यातलं सगळं माझ्याच अंगावर की!" पाटाला आई राजी आहे. ओलाव्याचा खर्च निम्मा-निम्मा असं कुणी करारात लिहून घेतलंय का? असेल तर शब्दरचना द्या, रविवारी टोकन द्यायचं आहे.