मदत हवी आहे: धावणाऱ्या पायांसाठी मसाज गन घेताना नेमकं काय बघायचं?

नमस्कार. मी तीन वर्षांपासून धावते आहे आणि सध्या हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. आठवड्यातून चार दिवस धावणं, त्यात एक दिवस १६ ते १८ किलोमीटर, आणि दोन दिवस जिममध्ये पायांचा व्यायाम. मोठ्या धावण्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पोटऱ्या दगड होतात, मांडीच्या मागच्या बाजूला हात लावू देत नाही. फोम रोलर (अंगाखाली घेऊन स्नायू लाटायचा फोमचा दंडगोल) आहे, मांड्यांना तो छान लागू पडतो. पण पोटरीवर हवा तसा दाब येत नाही, आणि खुब्याच्या बाजूला वापरायचा तर दमलेल्या अंगाने जमिनीवर लोळावं लागतं.

म्हणून मसाज गन, म्हणजे हातात धरून स्नायूंवर भराभर ठोके द्यायचं यंत्र, घ्यायची आहे. पण एकदा फसले आहे, ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी एक छोटी गन घेतली होती. खोक्यावर वेगाच्या तीस पायऱ्या, आठ हेड (ठोके देणारी बदलायची टोकं), सगळे आकडे मोठेमोठे. हवेत धरली की जोरात घरघरायची. मांडीवर जरा दाबली की मोटरचा आवाज घोगरा व्हायचा आणि हेड जागच्या जागी अडायचं. न दाबता नुसती टेकवली तर कातडी थरथरायची आणि खाज सुटायची. आत स्नायूपर्यंत काही पोचतंय असं एकदाही वाटलं नाही. सहा महिन्यांत बॅटरीनेही मान टाकली.

आता पुन्हा तीच चूक नको आहे. वेग, ॲम्प्लिट्यूड, स्टॉल फोर्स यांपैकी कोणता आकडा खरा कामाचा? हेड किती लागतात? धावण्याआधी वापरायची की नंतर? आणि उजव्या नडगीच्या आतल्या कडेला महिनाभर दुखतंय, तिथे गन लावली तर चालेल का? ज्यांनी स्वतः वर्षभर तरी वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी सायकलवाला आहे, चार वर्षं गन वापरतोय. एक जुनी उघडूनही पाहिली आहे, म्हणून आतून सुरुवात करतो.

मोटरच्या आसावर मध्यापासून थोडी बाजूला एक खुंटी असते. ती गोल फिरते आणि तिला जोडलेला दांडा पुढे-मागे होतो. खुंटी मध्यापासून ६ मिलिमीटर दूर असेल तर हेड १२ मिलिमीटर पुढे-मागे जातं. हेच ते ॲम्प्लिट्यूड, म्हणजे ठोक्याची खोली. खुंटी जितकी दूर तितकी मोटरला ताकद जास्त लागते. म्हणून हलक्या मोटरच्या गनमध्ये खोली ६-७ मिलिमीटरवर आणतात आणि वेगाचा आकडा मोठा करून खोक्यावर छापतात. तुमच्या जुन्या गनचं हेच झालं असणार. ६ मिलिमीटरचा ठोका तुमच्या मांडीसारख्या जाड स्नायूवर कातडी आणि चरबीतच जिरतो.

स्टॉल फोर्स म्हणजे किती दाबल्यावर मोटर अडते तो आकडा. थेरागन या ब्रँडच्या मोठ्या मॉडेलला कंपनी १६ मिलिमीटर आणि सुमारे २७ किलो सांगते, तर त्यांच्याच मिनीला १२ मिलिमीटर आणि सुमारे ९ किलो. म्हणजे खोली बरी असूनही दाबाला कमी पडणारी गन असू शकते. दोन्ही आकडे एकत्रच बघा. माझ्या मते धावणाऱ्याला १२ मिलिमीटर आणि १५ किलोच्या आसपास पुष्कळ झालं. १६ मिलिमीटर पोटरीवर मला सोसत नाही, ते भरदार मांड्यांच्या वजन उचलणाऱ्यांना ठीक.

वेग मिनिटाला १८०० ते २४०० ठोके मिळाला की झालं. तीस पायऱ्यांची गरज नाही, तीन-चार पुरतात. उलट सर्वांत खालचा वेग किती आहे ते विचारा, आंबलेल्या पायांवर तोच वापरावा लागतो.

घेण्याआधी हातात मिळाली तर ती सर्वांत कमी वेगावर लावून मांडीवर हळूहळू दाबत न्या. मोटर कमी वेगावरच आधी अडते. आवाज बदलला तरी ठोका चालू राहिला पाहिजे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात वजन राहिलं. माझी गन सव्वा किलोची आहे. दोन मिनिटांनी मनगट भरून येतं, आणि स्वतःच्या पोटरीच्या मागे ती वाकडी धरून दाबणं फार अवघड. शिवाय मुठीपर्यंत कंप येतो, बोटं बधिर होतात. तुम्ही एकट्याच वापरणार असाल तर एक किलोच्या आतली बघा आणि मुठीचा आकार स्वतः धरून पाहा. पाठीपर्यंत पोचायचं असेल तर त्रिकोणी मूठ सोयीची पडते. आवाजही ऐकून घ्या. पहाटे धावून आल्यावर घरातले झोपलेले असतात.

हेड म्हणाल तर चार वर्षांत मी गोल आणि चपटं एवढी दोनच वापरली. गोळीसारखं टोकदार हेड फक्त तळव्याला, तेही जपून.

प्रतिसाद ३

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंबरोबर काम करते. गनपेक्षा मला तुमच्या नडगीची काळजी जास्त वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

तिथे गन अजिबात लावू नका. नडगीच्या आतल्या कडेला कातडीखाली लगेच हाड आहे, ठोका थेट हाडावर बसेल. बोटाने चाचपून पाहा. दुखणं कडेने पाच-सहा सेंटिमीटर पसरलेलं असेल आणि धावताना अंग तापल्यावर कमी होत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे नडगीच्या कडेला जास्त ताणाने येणारं दुखणं. पण एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा धावणं थांबवून दाखवून या. महिनाभराचं दुखणं तसंही दाखवायलाच हवं.

आता गनकडून काय अपेक्षा ठेवायची ते. आपण अंग आंबलं म्हणतो, त्यामुळे स्नायूत आम्ल साचतं आणि गन ते बाहेर काढते असा समज फार पसरला आहे. ज्याला आम्ल म्हणतात ते व्यायामातलं लॅक्टेट तास-दीड तासात नेहमीच्या पातळीवर येतं. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं. ते होतं स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेने आणि त्यामागून येणाऱ्या दाहाने. उतारावर धावताना, म्हणजे स्नायू ताणला जात असताना भार घेतो तेव्हा, ही इजा जास्त होते. ती गन भरून काढत नाही, त्याला झोप, आहार आणि वेळच लागतो. गन करते ते असं: कंपाची जाणीव मेंदूकडे जाते तेव्हा दुखण्याचा संदेश काही काळ मागे पडतो आणि स्नायूचा ताठरपणा सैल होतो. २०२० मध्ये कोनराड आणि सहकाऱ्यांनी १६ पुरुषांच्या पोटऱ्यांवर हायपरव्होल्ट गन पाच मिनिटं वापरून पाहिली. घोट्याची हालचाल सरासरी ५.४ अंशांनी वाढली, स्नायूच्या ताकदीत फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी जिना सुसह्य होणं हा फायदाही छोटा नाही, त्याने तुमचं पुढचं धावणं बिघडत नाही.

एका स्नायूवर एक ते दोन मिनिटं, गन हळूहळू सरकवत. एका जागी रोखून धरू नका. जास्त वेळ, जास्त जोर म्हणजे जास्त फायदा, असं अजिबात नाही. २०२१ मध्ये २५ वर्षांच्या एका तरुणीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती: गन वापरल्यावर मांड्यांवर रक्त साकळलं, लघवी चहाच्या रंगाची झाली, आणि निदान निघालं ऱ्हॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरणं. असं क्वचितच होतं, पण लघवीचा रंग गडद दिसला तर घरी थांबू नये.

मानेच्या पुढे आणि बाजूला, जांघेत, गुडघ्यामागच्या खळग्यात, मणक्यावर, ताज्या मुरगळीवर, फुगलेल्या शिरांवर गन लावायची नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं एकत्र असेल तर ते धावण्याचं दुखणं समजून ठोकू नका. शिरेत गुठळी असू शकते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. खुंटीचं वाचल्यावर जुनी गन का अडायची ते पहिल्यांदा कळलं. बोटाने चाचपून पाहिलं, दुखणं एकाच जागी आहे असं वाटतंय. उद्याच दाखवायला जाते. धावण्याआधी वापरण्याबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही.

प्रतिसाद ३

आधी वापरायची तर पोटरीवर आणि मांडीवर प्रत्येकी अर्धा मिनिट, हलक्या हाताने, आणि त्यानंतर नेहमीचा वॉर्म-अप पूर्ण करायचा. गन म्हणजे वॉर्म-अप नाही. जोरदार स्प्रिंट किंवा उड्यांच्या आधी मी माझ्या खेळाडूंना वापरू देत नाही. मोठ्या धावण्यानंतर मात्र आधी थोडं चाला, पाणी प्या, संध्याकाळी गन लावा.

प्रतिसाद १

प्रवासात नेणार असाल तर एक गोष्ट. आत लिथियम बॅटरी असते, त्यामुळे विमानात ती हातातल्या सामानात ठेवा. १०० वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) अडचण येत नाही, आणि बहुतेक गन त्याच्या बऱ्याच खाली असतात. खोक्यावर नुसतं मिलिअँपिअर-अवर लिहिलं असेल तर त्याला हजाराने भागून व्होल्टेजने गुणा, वॅट-अवर निघतील.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. नडगीच्या हाडावर ताण आल्याचं निघालं, चीर अजून पडलेली नव्हती. सहा आठवडे धावणं बंद, पोहायला आणि सायकलला परवानगी आहे. ही शर्यत हुकणार, त्याचं वाईट वाटलं. पण तिथे गन लावून तसंच धावत राहिले असते तर काय झालं असतं, या विचाराने अंगावर काटा येतो.

गन घेतली. १२ मिलिमीटर, ८५० ग्रॅम, चार वेग. मांडीवर सर्वांत कमी वेगाने चांगली दाबून पाहिली, अडली नाही. सायकलनंतर मांड्यांना आणि खुब्याला रोज संध्याकाळी गोल हेड लावते, नडगीपासून लांब. खुब्याला आराम पहिल्याच दिवशी जाणवला. हे गोल हेड फोमचं आहे आणि घाम शोषून घेतं. ते पाण्याने धुतलं तर खराब होतं का, कुणाला अनुभव आहे का?