मदत हवी आहे: ग्रनाडात घर कुठे घ्यावं? मुलाला दमा आहे

नमस्कार मंडळी,

बायकोला ग्रनाडा विद्यापीठात रिसर्चचं काम मिळालंय, ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं पुण्याहून स्पेनला जातोय. मुलगा सात वर्षांचा, त्याला बालदमा आहे, पुण्यात थंडी पडली की पहाटे खोकल्याची उबळ येते आणि इनहेलर-स्पेसर घेऊन बसावं लागतं. म्हणून घर ठरवायच्या आधी तिथल्या हवेचं बघतोय आणि जितकं वाचतोय तितकं टेन्शन वाढतंय.

ओळखीतले सगळे म्हणतात भूमध्य समुद्राकडची हवा, काळजीच नको. पण ग्रनाडा समुद्रावर नाहीच ना, ते साधारण ६८० मीटर उंचीवर डोंगरांच्या मध्ये खोलगट जागेत बसलंय, एका बाजूला सिएरा नेवाडा, त्यातलं मुलासेन शिखर ३,४०० मीटरच्या वर. हिवाळ्यात तिथे धूर अडकून बसतो असं वाचलं.

दोन घरं बघितलीत, एक शहरात, रिंगरोडपासून जवळ, शाळा चालत जाण्यासारखी. दुसरं मोनाचिल गावात, वर डोंगराकडे, पण रोज बसने ये-जा. मुलासाठी कुठलं बरं पडेल? आणि वर्षातले कुठले महिने सांभाळायचे? कोणी तिकडे राहिलं असेल तर प्लीज सांगा, खूप मदत होईल.

रानवारा:
मी काही वर्षं तिथे होते. वाचलंत ते बरोबर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ, वारा नाही, रात्री कडक थंडी, की जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचं झाकण. मग गाड्यांचा धूर, जुन्या बिल्डिंगींच्या डिझेल हीटिंगचा धूर, त्यात आजूबाजूला ऑलिव्हची छाटणी झाली की फांद्या शेतातच जाळतात, तो धूर, सगळं त्या खोलगटात. जानेवारीत सकाळी उंचावरच्या सान निकोलासच्या चौकातून बघा, खाली 'वेगा' म्हणजे शहरालगतच्या सपाट शेतजमिनीवर तपकिरी पट्टा आडवा पसरलेला असतो आणि त्याच्या वर बर्फाचे डोंगर एकदम लख्ख. पाऊस किंवा वारा आला की दोन तासांत सगळं धुऊन निघतं. रिंगरोडजवळचं घर मी तरी घेणार नाही.

दुसरं म्हणजे कालिमा, सहारातून येणारी धूळ. मार्च २०२२ मध्ये तर आकाश नारिंगी झालं होतं, सिएरा नेवाडाचा बर्फसुद्धा. पाऊस पडला तोही चिखलाचा, गाड्यांवर, बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर सगळीकडे डाग. अशा दिवशी खिडक्या बंद आणि मूल घरात.

धुळाक्षर:
रानवारा यांनी हिवाळ्याचं अगदी बरोबर लिहिलंय, फक्त मोनाचिल म्हणजे बारा महिने चांगलं असं धरून चालू नका. उन्हाळ्यात ऊन इतकं तापतं की हवा खूप उंचापर्यंत घुसळते, धूर पातळ होतो, पण तेच ऊन गाड्यांच्या धुरातल्या वायूंपासून ओझोन तयार करतं. शहरात ताजा धूर त्यातला बराच ओझोन खाऊन टाकतो म्हणून दुपारनंतर तो शहराबाहेर आणि उंचावर जास्त सापडू शकतो. दम्याला ओझोनही वाईटच. शिवाय गावात हिवाळ्यात लाकडाच्या शेगड्या पेटतात, घर बघायला जाल तेव्हा शेजारच्या छपरांवर धुरांडी आहेत का बघा.

आणि मे महिना! ऑलिव्हचे परागकण. त्या भागात मैलोन्मैल ऑलिव्हच आहे, ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांना मे आणि जूनची सुरुवात फार जड जाते. निघायच्या आधी पुण्यातच मुलाची अ‍ॅलर्जी टेस्ट करता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

हवेचे आकडे रोज बघता येतात, आंदालुसिया (ग्रनाडा ज्या प्रांतात येतं तो) सरकार जाहीर करतं. ग्रनाडा नोर्ते हे हवा मोजायचं स्टेशन मोठ्या रस्त्यावरचं आहे, तिथला नायट्रोजन डायऑक्साइड बघून अख्ख्या शहराचा अंदाज बांधू नका. पीएम दहा म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत ४५ मायक्रोग्रॅम आहे, त्याच्या वर गेलं की मैदानावर पळापळ नको. धुळीचा अंदाज बार्सिलोनाच्या केंद्राकडून आधीच मिळतो.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. बायकोशी बोललो, रिंगरोडचं घर रद्द. आता शहरातच पण मोठ्या रस्त्यापासून आत, वरच्या मजल्यावर काही मिळतंय का बघतोय, म्हणजे शाळाही जवळ राहील, आणि आधी सहा महिन्यांचाच करार करू म्हणजे एक हिवाळा काढून बघता येईल. टेस्टसाठी उद्याच डॉक्टरांना फोन करतो.

अजून एकच, कालिमाच्या दिवशी तिथल्या शाळा मुलांना मैदानावर सोडतात का, की आपण चिठ्ठी द्यायची? आणि इनहेलर शाळेत कोणाकडे ठेवतात? ज्यांची मुलं तिथे शाळेत होती त्यांनी प्लीज लिहा.