सही पुसली जाते, तरीही ती हवी

‘अमेरिकेत एका राष्ट्राध्यक्षाने सहीने एखाद्या सरकारी जमिनीला दिलेलं संरक्षण पुढचा सहीनेच काढतो, मग उपयोग काय?’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो. बेअर्स इअर्सच्या बाबतीत तसंच घडलं. ओबामांनी डिसेंबर २०१६ मध्ये युटातला हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक केला, वर्षभरात ट्रम्प यांनी त्यातला सुमारे ८५ टक्के भाग वगळला, २०२१ मध्ये बायडेन यांनी तो परत जोडला. नवाहो, होपी अशा मूळनिवासी जमातींच्या पूर्वजांच्या खुणा तिथे आहेत. त्यांची ही फरफट बघून चीड येते.

पण ॲरिझोनातली ग्रँड कॅन्यन ही दरी बघा. दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवर राल्फ कॅमेरॉन खाणींचे दावे लावून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून टोल घेत होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ च्या कायद्याचा (सरकारी जमिनीला सहीने राष्ट्रीय स्मारक करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देणारा अँटिक्विटीज ॲक्ट) आधार घेऊन १९०८ मध्ये दरीला स्मारकाचा दर्जा दिला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तिचं राष्ट्रीय उद्यान केलं ते थेट १९१९ मध्ये. मधली ११ वर्षं आधार होता तो त्या सहीचाच. पुढे १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कॅमेरॉनच्या विरोधात निकाल दिला. (त्याच वर्षी ॲरिझोनाने त्याला सिनेटवर निवडून दिलं, हेही विसरू नये.)

आणि जमिनींचं संरक्षण हा प्रश्न पक्षाच्या चौकटीतच बघायचा तर जून २०२५ आठवा. सरकारी जमिनी विकण्याची युटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांची तरतूद अर्थसंकल्पी विधेयकातून मागे घ्यावी लागली, कारण शिकारी, मासेमारी करणारे आणि पश्चिमेकडचे काही रिपब्लिकन खासदारच तिच्या विरोधात उभे राहिले.